अझांगला चिडवायची प्रॅक्टिस

१४ जानेवारी

आज अप चेंचोच्या दुकानाच्या भिंतीवर नोटीस लागली. मी लोणी आणायला गेले होते. नोटीस तीन वेळा वाचली आणि लोणी न घेताच घरी आले. पंधरा मार्चला पारोमध्ये बायकांची कंपाउंड धनुष्याची मॅच! पहिल्यांदाच! प्रत्येक गावातून पाच जणी. आमच्या पाच कोण, ते अप चेंचो ठरवणार. पुरुषांच्या टीमचा कॅप्टन तोच, दुकान त्याचं, भिंतही त्याचीच.

मला त्या पाचांत यायचंय. पेनाने लिहितेय, म्हणजे नंतर पलटी मारता येणार नाही.

अडचण एवढीच, की मी आजवर धनुष्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. गावातल्या कुठल्याच बाईने लावलेलं नाही. बाईचा हात लागला की धनुष्याचं नशीब जातं म्हणे. मागच्या वर्षी झाडू मारताना मामीचा, म्हणजे अनी देमचा पाय अझांगच्या धनुष्यावरून गेला, तर अझांगने तीन दिवस धूप जाळला आणि तिच्याशी चार दिवस बोलला नाही.

आणि गावात जादा धनुष्य आहे फक्त त्याच अझांगकडे. अझांग गेम्बो म्हणजे माझा मामा, आईचा थोरला भाऊ; गाव पण त्याला अझांगच म्हणतं. टीममध्ये तीस वर्षं आहे. म्हणजे विचारायचं त्यालाच. छान.

१७ जानेवारी

विचारलं. खरंच विचारलं!

तो अंगणात उन्हात बाण तपासत बसला होता. एकेक बाण अगदी नाकाला चिकटवून बघत होता. अनी देम आत होती. मी हळूच म्हटलं, "अझांग, मला शिकवाल का?"

"काय?"

"धनुष्य."

मला वाटलं आता ओरडणार. चप्पल कुठे काढलीय तेही मी बघून ठेवलं, पळायला बरं. पण त्याने हातातला बाण खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझे डोळे कसे आहेत?"

"म्हणजे?"

"दिवसभर मोबाईलमध्ये असतेस. चष्मा-बिष्मा लागला का?"

"नाही हो."

"वर डोंगरावर पताका आहेत, दिसतात? किती?"

मी मोजल्या. "सात. एक फाटलीय."

"फाटलीय?" असं म्हणून तो त्या डोंगराकडे बघत बसला. मग म्हणाला, "उद्या साडेसहाला मैदानावर ये. कोणाला सांगायचं नाही. आईलाही नाही."

घरी येईपर्यंत मला कळत नव्हतं की तो हो म्हणालाय. ज्या माणसाने बायकोशी चार दिवस अबोला धरला, तो हो म्हणालाय.

१८ जानेवारी

बोटं बधिर झालीयेत, अक्षर घाण येतंय.

जुनं धनुष्य माझ्यासाठी ढिलं करून आणलं होतं. तरी मला अर्धंच ओढता आलं. दोन टोकांना चाकं, त्यातून तारा. ओढत राहायचं, हात थरथरतात, आता संपलं असं वाटतं, आणि एकदम चाकं फिरतात आणि सगळं हलकं होतं! शेवटच्या वितीला जोर लागतच नाही. मी इतकी दचकले की हसायलाच लागले. आणि हसता हसता दोरी सोडणार होते, बाण न लावताच. अझांगने माझं मनगट धरलं आणि असा ओरडला की नदीपलीकडचे कुत्रे भुंकायला लागले. "रिकामी दोरी सोडायची नाही! कधीच नाही! धनुष्य फुटतं, तुझं तोंडही फुटेल."

ओके. नियम एक.

मग बाण लावला. पहिला बाण वीस पावलांवर गवतात झोपला. लक्ष्य एकशे पंचेचाळीस मीटरवर आहे.

पण शिकवणी विचित्र आहे. माझे पाच बाण झाले, की तो म्हणतो आता माझी पाळी. मला पळत पलीकडच्या टोकाला जायचं, लक्ष्याच्या बाजूच्या बांधामागे उभं राहायचं, आणि त्याचा प्रत्येक बाण कुठे पडला ते ओरडून सांगायचं. नुसतं "चुकला" चालत नाही. "नदीकडे दोन हात!" "सफरचंदांकडे एक हात!" असं नीट सांगायचं, कारण मैदानाच्या एका बाजूला नदी आहे, दुसऱ्या बाजूला सफरचंदांची बाग. मी विचारलं हे कशाला? तर म्हणे, "आधी बघायला शिक, मग मारायला."

यूट्यूबवर असं कोणीच शिकवत नाही. पण यूट्यूबवाले तीस वर्षं टीममध्येही नाहीत.

२६ जानेवारी

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत जांभळं झालंय. दोरी लागते. कोपर बाहेर वळवायचं असतं, ते मी विसरते.

आज मी लक्ष्याच्या लाकडाला बाण लावला!! टक् असा आवाज आला. मी तिथल्या तिथे नाचले, एकटीच, पुरुष नाचतात तसं, हात वर करून. आणि अझांग काय म्हणाला माहितीये? "वाईट. परत."

"अझांग, लागला तो!"

"वाईट होता."

त्यानंतरचा बाण पार लक्ष्यामागच्या पताकांच्या वर गेला. अजून सापडलेला नाही. त्यावर म्हणतो, "हा छान."

मी काय समजायचं? चेष्टा करतोय की परीक्षा घेतोय?

४ फेब्रुवारी

माझी थिअरी अशी आहे की सगळं त्सिपचं काम आहे. त्सिप म्हणजे आमचा ज्योतिषी. मॅचच्या आधी टीम त्याच्याकडे जातेच. कुठल्या रंगाचा घो घालायचा, कुठल्या दाराने निघायचं, सगळं तो सांगतो. अझांगला यंदा त्याने काहीतरी भलताच उपाय सांगितला असणार. त्याशिवाय हे पटतच नाही. बघा ना. एक, बाईला धनुष्य दिलं. दोन, चोरून, पहाटे. तीन, लक्ष्याच्या मधल्या भागाला त्याने स्वतः पांढरा रंग फासला, नेहमीपेक्षा दुप्पट मोठा. चार, काल अनी देमने कप पुढे केला आणि त्याने चहा कपाच्या बाहेर ओतला, अगदी शांतपणे, जणू तिथे कप आहे. मला वाटलं देवाला दिला. अनी देमने पुसून घेतलं.

मी तिला हळूच विचारलं, "त्सिपने सांगितलंय का?"

तिने फडकं पिळलं. मग म्हणाली, "तू रोज सकाळी जातेस ना त्याच्याबरोबर?"

मेले! तिला माहितीये!

"जात जा," ती म्हणाली. "येताना त्याच्या पुढे चाल. त्या ओढ्याच्या फळीवर तरी."

हा पण उपायच दिसतोय. बाईने पुढे चालायचं. लिहून ठेवलं.

१३ फेब्रुवारी

आईने हात पाहिला. मी म्हटलं कामावर, हॉटेलात सुटकेस लागली. आई म्हणाली, "हिवाळ्यात तुमच्या हॉटेलात कोण गिऱ्हाईक आहे गं, सुटकेसवालं?" मग तिने लोणी चोळून दिलं आणि म्हणाली, "कोपर बाहेर वळव." मी थक्क. आईला कसं माहीत? विचारलं तर म्हणे, "आम्हाला पण डोळे होते लहानपणी."

बाणांचा हिशोब: आजच्या पंधरापैकी दोन लाकडाला. अझांगचे दहापैकी चार. पूर्वी दहापैकी सात असायचे म्हणे. वय झालं असेल.

२२ फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते मला अजिबात कळलेलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

लोसारच्या, म्हणजे नवीन वर्षाच्या, तिसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या गावाशी पुरुषांची मॅच आहे. दरवर्षी असते. आम्ही मुली बाजूला नाचतो, गातो आणि समोरच्या टीमला चिडवतो. नेम धरला की त्यांच्या टकलावरून, बायकोवरून, काय वाट्टेल ते. मी त्यात चांगली आहे. मागच्या वर्षी एकाला मी म्हटलं होतं, "तुझ्या बाणापेक्षा तुझी सासू सरळ आहे," आणि तो नेम धरलेला असताना हसला. गाव अजून सांगतं.

अझांग म्हणाला, "यंदा तू मला चिडव."

"तुम्हाला? आपल्याच टीमला?"

"मला एकट्याला. बाण नदीकडे गेला तर नदीवरून चिडव. सफरचंदांकडे गेला तर सफरचंदांवरून. कमी पडला तर गवतावरून, लांब गेला तर पताकांवरून. मोठ्याने. वाऱ्यावर पण ऐकू आलं पाहिजे."

"पण पलीकडे आपली माणसं हाताने खुणा करतातच की, बाण कुठे पडला त्याच्या."

"त्यांचे हात राहू देत. तुझा आवाज पाहिजे."

"अझांग, गाव मला मारेल. अप चेंचो लोसारनंतर नावं ठरवणार आहे!"

तो धनुष्याच्या चाकावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "नको असेल तर नको." ते इतकं हळू म्हणाला की मला वाईटच वाटलं.

त्सिप असा उपाय देतो? स्वतःच्या भाचीकडून शिव्या खा? मला पाचांत यायचंय. पण ज्याने शिकवलं त्याला नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? डोक्याचं भजं झालंय.

२ मार्च

मॅच झाली. घसा बसलाय.

आदल्या रात्री सगळे पुरुष रीतीप्रमाणे घरं सोडून शाळेच्या गोदामात झोपले. सकाळी घो, बूट, कमरेचे पट्टे घालून रांगेत आले. अझांग पहिला उभा राहिला, पांढऱ्या ठिपक्याकडे तोंड करून. मी मुलींमध्ये होते. मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. खरंच ठरवलं होतं.

पहिला बाण नदीकडे गेला, तीन हात. आमची माणसं पलीकडून खुणा करत होती. अझांग त्यांच्याकडे बघतही नव्हता. मान थोडी तिरकी करून उभा होता, कान पुढे केल्यासारखा. वाट बघत होता.

आणि माझ्या तोंडातून निघालंच. "अझांग! मासे मारायला आलात काय?"

मुलींचं गाणंच थांबलं. आई तिकडून म्हणाली, "अगं ए!"

दुसरा बाण सफरचंदांकडे गेला, एक हात. "अझांग! सफरचंदं जुलैत पिकतात, आत्ता काय पाडताय!"

समोरची टीम पोट धरून हसायला लागली. त्यांच्या एका म्हाताऱ्याने मला पान दिलं आणि म्हणाला, "पोरी, आमच्याकडे सून म्हणून ये." आमच्या बाजूचं कोणीच हसत नव्हतं. अप चेंचोचं तोंड असं झालं होतं जणू मिरचीत दात अडकलाय.

पुढच्या फेरीत टोकं बदलली. अझांगचा बाण कमी पडला. "गवत कापायचं असेल तर विळा देऊ का?" त्यानंतरचा बाण थेट पांढऱ्यात. आमची माणसं नाचायला लागली, त्याच्या पट्ट्यात मानाचं रंगीत फडकं खोचलं गेलं. आणि तो हसत होता! ज्याने मला कधी दात दाखवले नाहीत तो!

दिवसभरात मी नऊ वेळा चिडवलं. त्याने पाच बाण लावले. आम्ही एका पॉइंटने जिंकलो.

मला वाटलं जिंकलो म्हणजे सगळं माफ. अप चेंचो जवळ आला आणि म्हणाला, "सेल्डन, नदीपलीकडच्यांनी तुला किती दिले?" मी म्हटलं, "एक पान." तो हसला नाही.

अझांग दोन पावलांवर उभा होता. ऐकलं असणार. गप्प राहिला.

४ मार्च

कोणी बोलत नाही. मुलींनी मला ग्रुपमधून काढलं. आई म्हणते माफी माग, पण कोणाची ते सांगत नाही. दुकानात म्हणे चर्चा आहे की पलीकडच्या गावाच्या त्सिपने माझ्या जिभेवर काहीतरी केलंय. एका आजीने माझ्यासाठी मंतरलेलं पाणी पाठवलं. मी प्यायले. कोण जाणे, खरंच केलं असेल.

अझांगने एकदाच सांगायचं होतं ना, की मीच तिला सांगितलं. एकच वाक्य! दोन दिवस झाले. सकाळी मैदानावर पण आला नाही. मी एकटीच उभी होते. मला त्याचा राग आलाय की काय आलंय तेच कळत नाही.

५ मार्च

नीट लिहायचंय, पण नीट होणार नाही.

दुपारी अझांग घरी आला, अनी देमच्या खांद्यावर हात ठेवून. मला म्हणाला, "चल दुकानात." बास.

दुकानात पेटलेल्या बुखारीभोवती पाच-सहा पुरुष बसले होते. अप चेंचो काउंटरमागे. अझांग सरळ म्हणाला, "चेंचो, यादी झाली?"

"झाली. भिंतीवर लावलीय."

"भाचीचं नाव आहे?"

"नाही, आणि येणार पण नाही, अझांग. आज मामाला चिडवलं, पंधरा तारखेला गावाला चिडवेल. तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा, मी चूक बोलतोय का?"

"यादी कुठाय?"

"तुमच्या मागे."

अझांग मागे वळला. भिंतीपाशी गेला. हात लावला, तेलाच्या कॅलेंडरला. मग बाजूला, कॅलेंडरच्या खिळ्याला. यादी तिथून एक हात डावीकडे होती, वहीच्या पानाएवढी, निळ्या मार्करने लिहिलेली.

"वाच," तो मला म्हणाला.

"तुम्हीच वाचा ना, अझांग," अप चेंचो म्हणाला. "एवढ्या मोठ्या अक्षरात..." आणि तिथेच थांबला.

बुखारीत लाकूड तडतडलं. एकाने पान चघळायचं थांबवलं. मला वाटलं हे सगळे का गप्प झाले? मी वाचायला लागले. पहिलं नाव, दुसरं नाव. आणि तिसऱ्या नावाशी माझ्या डोक्यात एकदम सगळं पडलं. चहा. ओढ्याची फळी. फाटलेली पताका. "तुझे डोळे कसे आहेत?" पुढची दोन नावं मी कशी वाचली मला आठवत नाही.

"भात कापायच्या वेळेपासून," अझांग म्हणाला. त्याने तोंड चेंचोकडे केलं होतं, पण थोडं चुकलं, पिठाच्या पोत्यांकडे बोलत होता. "ठिपका दिसतो. धुरासारखा. बाण दिसत नाही, तुमचे हात दिसत नाहीत. लोसारला तुमच्यासाठी पाच बाण लागले ना, ते हिने लावले. मी नुसता ओढत होतो. आता पुरुषांच्या यादीतलं माझं नाव खोड, आणि हिचं तिकडे लिही."

"अझांग, त्या दोन वेगळ्या याद्या आहेत," अप चेंचो म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता.

"मार्कर एकच आहे ना?"

अप चेंचोने मार्कर घेतला. कुठलं नाव आधी खोडावं ते त्याला कळेना. मग त्याने काहीच खोडलं नाही, खाली सहावं नाव लिहिलं, आणि पाचच्या आकड्याचा सहा केला. नियमात बसतं का माहीत नाही. पुरुषांच्या यादीतलं नाव मात्र अझांगने उभं राहून खोडून घेतलं. मला विचारलं, "खोडलं का नीट?" मी म्हटलं, "हो."

येताना मी पुढे चालले. ओढ्याच्या फळीवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस ठेवला नव्हता.

मी विचारलं, "आधी का नाही बोललात? तीन दिवस लोक मला..."

"तीन दिवस हिंमत गोळा करत होतो," तो म्हणाला. "तीस वर्षं आहे मी त्या यादीत."

मग एक भयंकर विचार आला आणि मी फळीवरच थांबले. "पण मग माझे बाण? तुम्ही छान म्हणायचात, वाईट म्हणायचात. तुम्हाला दिसतच नव्हतं?"

"दोरी ऐकू येते की. नीट सुटली की एक आवाज, हाताला घासून सुटली की दुसरा. बाण कुठे जातो तो वाऱ्याचा प्रश्न. तुझा प्रश्न दोरीपर्यंतच."

म्हणजे लाकडाला लागला तो वाईट, आणि पताकांवरून गेला तो छान. हे मी अजून पचवतेय.

६ मार्च

अनी देमने थिंफूच्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख घेतलीय, अठरा मार्च. म्हणे मोतीबिंदूच असेल, निघतो. ती डिसेंबरपासून मागे लागली होती, पण हा लोसारची मॅच चुकेल म्हणून जात नव्हता. मॅच! डोळ्यांपेक्षा मॅच!

मुलींनी मला परत ग्रुपमध्ये घेतलं. मी दहा मिनिटं उत्तर दिलं नाही. मग दिलं.

९ मार्च

आता आम्ही सहा जणी रोज उघडपणे मैदानावर, अझांगच्या दोन धनुष्यांवर पाळीपाळीने. अझांग मागे दगडावर बसतो, डोळे मिटून, आणि ओरडतो, "वाईट! वाईट! हा कोणाचा? छान!" माझे आज वीसपैकी चार. मी खुश आहे की घाबरलेय ते कळत नाही, दोन्ही असेल.

पण आज संध्याकाळी जे झालं ते कोणाला सांगू? अप चेंचो घरी आला. मागच्या दाराने. आईने चहा दिला, तो प्यायला नाही. आई उठून गेल्यावर म्हणाला, "सेल्डन, सकाळी तुमची प्रॅक्टिस कितीला असते?"

"साडेसहाला."

"सहाला येशील? एकटी."

"कशाला?"

त्याने टोपी काढली, घातली. "मला जरा चिडवायला."

मला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "एप्रिलमध्ये परतीची मॅच आहे. मला आपल्या माणसांचे हात... म्हणजे हात दिसतात, पण किती बोटं ते नाही."

"मग ती यादी? तुम्हीच लिहिलीत ना?"

"मुलीने लिहिली," तो म्हणाला. "अक्षर एवढं मोठं आहे ते मला दिसावं म्हणून. मीच सांगितलं तिला."

मी म्हटलं, "मग अठराला अझांगबरोबर थिंफूला जा की! एकाच गाडीत."

तो दारापर्यंत गेला. अंगणात कोणी आहे का ते बघितलं, म्हणजे बघितल्यासारखं केलं, कारण आई तिथेच वाळत घातलेले कपडे काढत होती. मग वळून अगदी हळू म्हणाला, "जाईन. पण एप्रिलनंतर. आणि अझांगला सांगू नकोस."

दोरीवरच्या चादरीमागून आई म्हणाली, "सहाला थंडी असते, अप चेंचो. मफलर घालून या."